सशाच्या रश्शाचं ऋण : जोझाई नावाच्या चिमुकल्या सामुराई संस्थानाची गोष्ट

बखरवेडा

नमस्कार मंडळी,

सामुराईंचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा नोबुनागा, हिदेयोशी आणि इएयासू या तिघांभोवती फिरते. फार तर सत्तेचाळीस रोनिनांपर्यंत जाते. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या सेनापतींच्या, काळात जपानात अडीचशेहून जास्त संस्थानं होती, पण त्यातली बहुतेक आपल्या वाचनात कधी येतच नाहीत. आज त्यातल्या अगदी तळाच्या एका संस्थानाबद्दल लिहितो. नाव जोझाई. टोक्योच्या उपसागरापलीकडे बोसो द्वीपकल्पावर, आजच्या किसाराझू शहराच्या हद्दीत त्याची गादी होती. उणंपुरं 43 वर्षांचं आयुष्य, 1825 ते 1868. मोठ्या इतिहासांत याला एखादी ओळ मिळाली तर मिळते. मला मात्र शोगुनशाहीचा शेवट खऱ्या अर्थाने याच संस्थानामुळे कळला.

आधी आकार सांगतो. जपानात जहागिरीची मोजणी कोकूत होई. एक कोकू म्हणजे साधारण 180 लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षभराची बेगमी. ज्याच्या जमिनीचा आकार दहा हजार कोकू किंवा त्याहून जास्त तो दाइम्यो, म्हणजे संस्थानिक. त्याखालचा कितीही मातब्बर असला तरी शोगुनाचा थेट चाकरच. कागा संस्थान दहा लाख कोकूंच्या वर होतं. जोझाई बरोब्बर दहा हजारांचं, म्हणजे उंबरठ्यावर उभं. एवढ्या लहान संस्थानिकाला किल्ला नसे. तो राहायचा जिनयात, म्हणजे कचेरी, कोठार आणि राहती घरं एकत्र असलेल्या ठाण्यात. मुलूखही सलग नव्हता, विखुरलेली गावं होती.

मग अशा घराण्याला विचारतो कोण? इथे सशाची कथा येते.

हायाशी घराण्याची परंपरा सांगते ती अशी. पंधराव्या शतकात तोकुगावांचे पूर्वज, म्हणजे तेव्हाचे मात्सुदाइरा, परागंदा होऊन शिनानोच्या डोंगरात हायाशी मित्सुमासाच्या आश्रयाला आले. वर्षअखेर, सगळीकडे बर्फ, घरात पाहुण्यांपुढे ठेवायला काही नाही. मित्सुमासा बर्फात शिकारीला गेला, एक ससा मारून आणला आणि नववर्षाच्या दिवशी त्याचा गरम रस्सा पाहुण्यांना वाढला. त्यानंतर मात्सुदाइरांचं नशीब फिरलं. पुढे वंशज शोगुन झाले, पण तो रस्सा विसरले नाहीत. एदोच्या, म्हणजे आजच्या टोक्योच्या, किल्ल्यात दर नववर्षाला सशाचा रस्सा होई आणि साकेचा पहिला प्याला हायाशीला मिळे. मोठमोठे संस्थानिक ताटकळत असताना पहिला मान या घराचा. त्यांच्या कुलचिन्हातही भोवऱ्याच्या आकृतीखाली एक आडवी रेघ आहे. ती रेघ म्हणजे 'एक' हा आकडा.

दंतकथेचा भाग बाजूला ठेवा. प्याला खरा होता, तो दरवर्षी सगळ्यांसमोर मिळत होता, आणि या घरातली मुलं ते ऐकत-बघत वाढत होती. पुढचं समजायला एवढं पुरे.

शतकानुशतकं हायाशी दाइम्यो नव्हतेच. तादाफुसा हायाशी अकराव्या शोगुनाच्या, इएनारीच्या, खास मर्जीतला. 1825 मध्ये तो कनिष्ठ मंत्रिमंडळात गेला, तेव्हा त्याची जहागीर सात हजारांवरून दहा हजार झाली आणि संस्थान जन्माला आलं. तेव्हा ठाणं काईबुचीला होतं. इएनारीची मर्जी वाढत गेली तसा आकडा अठरा हजारांवर गेला. 1841 मध्ये इएनारी वारला आणि नवा कारभारी मिझुनो तादाकुनी याने जुन्या मर्जीतल्यांची साफसफाई सुरू केली. त्याच वर्षी तादाफुसाचे आठ हजार कोकू काढून घेतले, त्याला सक्तीने निवृत्त केलं. संस्थान पुन्हा उंबरठ्यावर. लाचखोरीबद्दल त्याचं नाव वाईट होतं आणि ते उगाच नव्हतं, हेही सांगायला हवं. मुलगा तादाआकिराने 1850 मध्ये ठाणं जोझाईच्या टेकडीवर हलवलं, तिथून संस्थानाला हे नाव पडलं.

त्याच्यानंतरचा तादाकाता हा क्योतोजवळच्या फुशिमीचा शोगुनी अधिकारी होता. शोगुनशाही उलथवू पाहणाऱ्या र्योमा साकामोतोचे चाहते इथे असतील तर त्यांच्यासाठी : 1866 मध्ये तेरादाया या सरायीत र्योमाला पकडायला रात्री जी माणसं गेली, ती याच तादाकाताच्या अखत्यारीतली. त्याची बायको ओर्यो न्हाणीघरातून तशीच धावत जिना चढली आणि तिने सावध केलं, र्योमाने पिस्तूल चालवलं आणि जखमी हाताने निसटला, हा प्रसंग जपानात शाळकरी पोरालाही पाठ असतो. हल्ला करणाऱ्यांच्या वरिष्ठाचं संस्थान कोणतं, हे कुणी विचारत नाही.

तादाकाता 1867 मध्ये अचानक वारला. त्याचा मुलगा अगदी लहान, म्हणून गादी पुतण्याकडे गेली. पुतण्या तादाताका, जन्म 1848, म्हणजे वय एकोणीसही पुरं नाही. इथून खरी गोष्ट सुरू होते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शेवटच्या शोगुनाने, योशिनोबुने, राज्यकारभार सम्राटाला परत केला. जानेवारी 1868 मध्ये तोबा-फुशिमीला शोगुनी फौज सम्राटाच्या बाजूच्या सात्सुमा-चोशू संस्थानांच्या फौजेकडून हरली. आता बघा कोण कुठे उभं होतं. योदो संस्थानाचा धनी शोगुनाच्या सर्वोच्च मंत्रिमंडळात होता, पण त्याच्याच किल्ल्याने हरून परतणाऱ्या शोगुनी फौजेला दार उघडलं नाही. त्सू संस्थानाने तर तोफा उलट फिरवल्या. वंशपरंपरागत सेवकांत सगळ्यात वरचं हिकोनेचं ई घराणं नव्या सरकारकडे गेलं. आणि ओवारी, खुद्द तोकुगावांची थोरली पाती! तिथल्या मुख्याने शोगुनाच्या बाजूच्या आपल्याच माणसांची डोकी उडवली. प्रत्येकाकडे कारणं होती, काहींची कारणं वजनदारही होती. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी लाखांनी कोकू खाल्ले ते सगळे काही महिन्यांत बाजूला झाले.

मे 1868 च्या सुरुवातीला एदोचा किल्ला नव्या सरकारच्या ताब्यात गेला. शरण न जाणाऱ्या तुकड्या उपसागर ओलांडून बोसोत उतरल्या. त्यात हाचिरो इबा आणि कात्सुतारो हितोमी हे तलवारबहाद्दर होते. दोघंही विशीतलेच. त्यांनी जोझाईच्या ठाण्यावर येऊन मदत मागितली. लहान संस्थानिकाने अशा वेळी काय करावं, याचे ठरलेले मार्ग होते. थोडे पैसे, थोडा तांदूळ द्यायचा, आजारपणाचं निमित्त सांगायचं, वेळ काढायचा. आसपासच्यांनी तेच केलं.

तादाताकाने आपलंच संस्थान सोडलं. सामुराईने परवानगीवाचून संस्थान सोडणं हा गुन्हा होता आणि अनेक तरुण तो करत होते. पण संस्थानिकानेच आपल्या संस्थानातून बाहेर पडायचं, हे त्या काळातही अचाट होतं. मागचा हिशेब सरळ होता. तोकुगावा घराण्याचं काय करायचं हे नव्या सरकारने अजून ठरवलेलं नव्हतं. अशा वेळी तोकुगावांचा एक मांडलिक 'जोझाईचा संस्थानिक' म्हणून लढला तर त्याचं खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं. गावांवरही गदा आली असती. म्हणून तो आधी बाहेर पडला. सोबत सत्तरएक माणसं घेतली आणि मेअखेरीस ठाणं मागे टाकलं.

पुढची मोहीम थोडक्यात. तातेयामाहून होड्यांनी उपसागराच्या मुखापलीकडे मानाझुरूला. मग ओदावारा, निरायामा, कोफूच्या बाजूला फेरा. नुमाझूजवळ काही आठवडे त्यांना थोपवून धरलं गेलं. जुलैत हाकोनेच्या घाटात लढाई झाली. ओदावारा संस्थान आधी तटस्थ, मग यांच्या बाजूने, मग सरकारी फौज जवळ आल्यावर यांच्याविरुद्ध, असं फिरलं. सान्माइबाशी पुलाजवळच्या चकमकीत इबाचा डावा हात मनगटापासून गेला. तिथून माघार घेऊन जहाजाने उत्तरेला ओनाहामा, इवाकीच्या लढाया, आइझू आणि शेवटी सेंदाई.

सेंदाईला बातमी कळली की तोकुगावा घराणं राहणार. घराण्याचा नवा प्रमुख, लहानगा इएसातो, याला सुन्पूचा सात लाख कोकूंचा मुलूख मिळाला होता. ज्यासाठी निघालो ते झालं, आता पुढे लढणं म्हणजे स्वतःसाठी लढणं, असं ठरवून तादाताका शरण गेला. इबा आणि हितोमी थांबले नाहीत, ते लढत राहण्यासाठी पार उत्तरेला हाकोदातेला गेले.

आणि शिक्षा? आइझू 2,30,000 वरून 30,000 कोकूंवर आलं. सेंदाई सव्वासहा लाखांवरून 2,80,000 वर. शोनाईचे पन्नासएक हजार गेले. जोझाईचे दहा हजार पूर्ण गेले. बोशिन युद्धात, म्हणजे 1868-69 च्या या यादवीत, नाव पुसून टाकलेलं हे एकमेव संस्थान.

तादाताका त्यानंतर 72 वर्षं जगला. 1872 मध्ये सुटका झाल्यावर जुन्या मुलखात येऊन शेती केली. टोक्यो सरकारच्या कचेरीत खालच्या दर्जाची नोकरी केली, ती सोडली. हाकोदातेला एका पेढीवर कारकुनी केली, पेढी बुडाली. मग कानागावातल्या एका देवळाच्या आसऱ्याने राहिला, मग ओसाकाच्या सरकारी कचेरीत. पुढे निक्कोच्या तोशोगू देवस्थानात, म्हणजे इएयासूच्या समाधिस्थानी सेवा. 1937 मध्ये हिरोशिमाचा माजी संस्थानिक नागाकोतो असानो वारला, आणि जुन्या जपानचा हयात असलेला एकमेव दाइम्यो म्हणून तादाताकाकडे वर्तमानपत्रं वळली. 22 जानेवारी 1941 ला टोक्योत मुलीकडे तो गेला. मृत्यूपूर्वीची कविता विचारली तर म्हणाला, ती मेइजीच्या पहिल्या वर्षीच करून झाली, आता नाही.

1868 ची ती कविता आहे. आशय असा : मनात खरेपणा आहे की नाही, ते पोट चिरल्यावर उसळणाऱ्या रक्ताच्या रंगावरूनच कळावं. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलेली.

माझं म्हणणं एवढंच. तोकुगावांचं ऋण मोठ्यांनी कोकूंत मोजलं. या घराकडे मोजण्यासारखे कोकू नव्हते, होता एक प्याला. म्हणूनच त्यांना ते ऋण टाळता आलं नाही. लिहा, भांडा, भर घाला.

---

निळावंती

एका दमात वाचलं. ते आजारपणाच्या निमित्ताचं वाचून थांबले. बाकीच्यांना हे जमलं तर यालाच का नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. वयाचा भाग मोठा असणार. पस्तिशीतला संस्थानिक असता तर कारभाऱ्यांनी त्याला बसवून ठेवलं असतं.

---

चुलीवरचा_चहा

लेख छान, पण मला शेवटचा निष्कर्ष पटत नाही.

तुम्ही संस्थानिकाच्या बाजूने सगळं सांगितलंत. सत्तर जण गेले, ते लढले, काही मेले. पण मागे राहिलेल्यांचं काय? संस्थान बुडालं म्हणजे तनखा देणारा धनीच गेला. बाकीच्या संस्थानांतले सामुराई 1871 मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत पगारावर होते. नंतर सरकारने तनखे चालवले आणि 1876 मध्ये त्यांचे रोखे करून दिले. पुरेसे नव्हते, पण काहीतरी होतं. जोझाईच्या घरांवर ही वेळ 1868 मध्येच आली. वीस वर्षांच्या मुलाची निष्ठा उजळली आणि किंमत बायकापोरांनी मोजली. प्याला धन्याला मिळत होता, दरबारात. रस्सा शिजवणाऱ्याला कुठे मिळत होता?

निष्ठेच्या गोष्टी वाचताना मला हे नेहमी खटकतं, इथेही खटकलं.

---

बखरवेडा

चुलीवरचा_चहा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला मी वळसा घालणार नाही. मागे राहिलेल्यांचे हाल झाले. तादाताकाने आधी संस्थान सोडलं ते मागच्यांना झळ लागू नये म्हणूनच, पण नव्या सरकारने तो फरक मानला नाही.

दोन गोष्टी जोडतो. एक, संस्थान गेल्यावरही घराण्याचा वारस म्हणून तादाकाताच्या लहान मुलाला, तादाहिरोला, अगदी किरकोळ नेमणूक मिळाली. पण 1884 मध्ये सगळ्या माजी संस्थानिकांना सरदारकी दिली गेली, तेव्हा हायाशी वगळले गेले. दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट भिडते. ती सरदारकी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली जुन्या आश्रितांनीच. त्यात हिरोबे नावाचा एक जण होता, ज्याने पुढे जपान्यांसाठी चिनी भाषेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यातलेच लोक पंचवीस वर्षांनी धन्याच्या घरासाठी अर्ज करत होते. 1893 मध्ये यश आलं, पण बॅरनची पदवी मिळाली. इतर संस्थानिकांना किमान व्हायकाउंट मिळालं होतं, म्हणजे एक पायरी खालीच.

याने तुमचा आक्षेप खोडला जात नाही. पण त्या माणसांना धन्याचा राग होता असं दिसत नाही, एवढं नक्की.

---

चुलीवरचा_चहा

अर्ज करणारे दिसतात, कारण अर्ज कागदावर राहतात. न केलेल्यांचा कागद नसतो. पण हिरोबेची माहिती नवीन होती, आभार.

---

गोदाकाठची_वही

एक शंका. शोगुन संस्थान काढून घेऊ शकत होता हे तादाफुसाच्या प्रकरणावरून दिसलं. पण एका ठिकाणचा संस्थानिक उचलून दुसरीकडे बसवता येत असे का? आपल्याकडे वतन आणि सरंजाम यात जो फरक आहे (वतन घराचं, सरंजाम चाकरीचा), तसं तिकडे कशात बसतं? आणि दहा हजार कोकू म्हणजे दहा हजार माणसं का?

---

बखरवेडा

गोदाकाठची_वही, नेमकं विचारलंत. लहान वंशपरंपरागत सेवकांची संस्थानं सरंजामाच्या बाजूला झुकतात. बदल्या सर्रास होत. धनी, सामुराई, त्यांची कुटुंबं, पूर्वजांच्या स्मृतिपाट्या असं सगळं लटांबर नव्या जागी जायचं, शेतकरी मात्र जागचे हलत नसत. शोगुनाच्या सेवकवर्गाबाहेरची मोठी जुनी घराणी, म्हणजे सात्सुमा, चोशू, कागा, शतकानुशतकं एकाच जागी राहिली. तिथे जमिनीशी जे घट्ट नातं झालं, तेच 1868 मध्ये शोगुनाला भारी पडलं असं मला वाटतं.

कोकू म्हणजे उत्पन्नाचा सरकारी अंदाज, डोक्यांची मोजणी नाही. शिवाय सगळा तांदूळ धन्याचा नव्हे. साधारण तीस ते पन्नास टक्के कर म्हणून वसूल होई, त्यातून सामुराईंचे तनखे आणि एदोतल्या वाड्याचा खर्च. वाड्याचा खर्च लहान संस्थानांचं कंबरडं मोडायचा. पद आलं की घोडे, पालख्या, नोकर, भेटी दर्जाप्रमाणे ठेवाव्या लागत, मग जमीन एवढीशी का असेना.

आणि बदल्यांचा शेवटचा मोठा खेळ याच गोष्टीत आहे. लेख लांबेल म्हणून लिहिला नव्हता. तोकुगावांना सुन्पूचे सात लाख कोकू द्यायचे तर सुरुगा-तोतोमी भागातल्या संस्थानिकांना हलवणं भाग होतं. सात संस्थानं तिथून उठवली आणि बोसोत आणून बसवली. ज्या नुमाझूने तादाताकाला थोपवून धरलं होतं, त्याचे मिझुनो किकुमाला आले. हामामात्सुचे इनोउए त्सुरुमाईला. आणि ओजिमाचे ताकिवाकी आले ते किसाराझूतच, साकुराईला. तोकुगावांना जागा मिळावी म्हणून तादाताका घर सोडून लढला. ती जागा मिळाली आणि त्यापायी विस्थापित झालेले त्याच्याच दाराशी येऊन राहिले.

---

निळावंती

हे शेवटचं लेखातच हवं होतं! तोकुगावा घराणं राहिलं, पण त्याची भरपाई इतरांच्या घरांनी केली. यावर वेगळा धागा काढा.

---

टोक्योतली_सई

मी चिबात, म्हणजे बोसो ज्या प्रांतात येतं तिथे, राहते म्हणून थोडी भर. आता आक्वा-लाइन आहे, 1997 पासून. कावासाकीहून बोगद्यात शिरायचं, समुद्राच्या मधोमध वर यायचं आणि पुलावरून किसाराझू. सुमारे 15 किलोमीटर. पूर्वी हा प्रवास होड्यांचा होता आणि किसाराझूच्या नावाड्यांना एदोच्या फेऱ्यांचा खास हक्क होता. 1614 च्या ओसाकाच्या वेढ्यात त्यांच्या माणसांनी शोगुनाच्या बाजूने कामगिरी केली, बरेच मेले, त्याची ती भरपाई. शहराची भरभराट त्या हक्कावर झाली. म्हणजे शोगुनाचं देणं-घेणं त्या किनाऱ्यावर फक्त हायाशींचं नव्हतं, होडीवाल्यांचंही होतं.

ठाण्याची जागा, माफुने जिनया म्हणतात ती, टेकडीवर आहे. फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. दगड आहे, झाडी आहे, खाली घरं आणि रस्ते. किल्ल्याच्या शोधात येणारे पर्यटक इथे येत नाहीत. पण टेकडीवरून एक गोष्ट कळते जी वाचून कळत नाही : समुद्र किती जवळ आहे. हवा स्वच्छ असली तर पलीकडचा किनारा दिसतो. एदोत काय चाललंय याची बातमी इथे दुसऱ्या दिवशी पोचत असणार. डोंगरातल्या एखाद्या संस्थानासारखं 'आम्हाला उशिरा कळलं' म्हणायची सोयच नव्हती.

---

बखरवेडा

सई ताई, होडीवाल्यांची माहिती मोलाची. बातमीचा मुद्दाही पटला. कांतोतल्या, म्हणजे एदोभोवतालच्या, वंशपरंपरागत संस्थानिकांना एदोत राहायची सक्तीची हजेरीही दर सहा महिन्यांनी बदलून होती, दूरच्यांसारखी वर्षाआड नाही. हे लोक अर्धे एदोचेच. त्यांना संस्थान म्हणजे गाव आणि एदो म्हणजे घर वाटत असेल.

---

पाचोळा

बऱ्याच दिवसांनी इतका भरीव धागा. मला चुलीवरचा_चहा यांच्या बाजूने एक मुद्दा मांडायचा आहे, थोडा वेगळ्या अंगाने.

योदो, हिकोने, ओवारी यांना लेखात जवळजवळ कृतघ्न ठरवलंय. योशिनोबु स्वतः काय करत होता? तोबा-फुशिमीनंतर ओसाकाच्या किल्ल्यात हजारो सैनिक असताना तो रात्री गुपचूप जहाजाने एदोला निघून गेला. पुढे उएनोच्या देवळात स्वतःला कोंडून घेऊन सम्राटाची आज्ञा पाळतो असं त्यानेच जाहीर केलं. धनीच म्हणतोय लढू नका. मग लढणारा धन्याशी एकनिष्ठ की न लढणारा? ओवारीच्या मुख्याने कत्तल केली ती वाईटच, पण त्याच्या भूमिकेमुळे मध्य जपानातून सरकारी फौज जवळपास बिनलढाईची पुढे गेली. तिथली शहरं आणि शेतं वाचली.

---

बखरवेडा

पाचोळा, कृतघ्न हा शब्द मी वापरला नाही आणि वापरणारही नाही. ओवारीमुळे मुलूख वाचला हे मान्य. योशिनोबुबद्दलही तुमचं बरोबर आहे, त्याच्या नावाने लढणं तेव्हा अशक्यच झालं होतं. पण तादाताका योशिनोबुसाठी निघालाच नव्हता. त्याची मागणी घराणं टिकावं एवढीच होती, म्हणून इएसातोची नेमणूक कळल्यावर तो थांबला. बोशिन युद्धात 'माझं काम झालं' म्हणून थांबलेले फार थोडे. आइझूचे लोक किल्ला पडेपर्यंत लढले, इबा हाकोदातेत मेला. थांबण्याची रेषा आधी आखून त्यावर थांबणं हे मला त्याच्या निघण्याइतकंच मोठं वाटतं.

---

गोदाकाठची_वही

एकदम पटलं. आणि इबा-हितोमींबद्दल उत्सुकता वाढली. हात गेल्यावरही इबा लढत राहिला? हितोमीचं काय झालं?

---

बखरवेडा

इबा एका हाताने लढत राहिला. हाकोदातेच्या बाजूच्या लढाईत 1869 च्या वसंतात जबर जखमी झाला आणि गोर्योकाकू किल्ल्यात वारला. वय पंचविशीच्या आसपास. एदोतल्या नावाजलेल्या तलवारशाळेच्या घरातला मुलगा, दिसायला देखणा, त्यामुळे त्याच्यावर जपानात खूप लिहिलं गेलंय.

हितोमीची कथा उलट दिशेने जाते. तोही हाकोदातेला जखमी झाला, पण वाचला, कैद भोगली. सुटल्यावर सुन्पूत, म्हणजे तोकुगावांच्या नव्या मुलखात, शिक्षणाच्या कामात गेला. मग ज्या सरकारविरुद्ध लढला त्याच्याच गृहखात्यात शिरला आणि 1880 मध्ये इबाराकी प्रांताचा गव्हर्नर झाला. ते सोडल्यावर तोने नदी आणि एदो नदी जोडणारा कालवा काढणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला. मुल्डर नावाच्या डच अभियंत्याच्या आराखड्यावर तो कालवा 1890 मध्ये वाहतुकीला खुला झाला. नंतर रेल्वे आली आणि मालवाहतूक तिकडे वळली, पण कालवा अजून आहे, चिबातच, नागारेयामा आणि नोदाच्या हद्दीत. सई ताई, तुम्हाला किसाराझूपेक्षा जवळ पडेल. 1868 मध्ये जोझाईच्या ठाण्यावर मदत मागायला आलेल्या या माणसाने त्याच प्रांतात खणून घेतलेला कालवा अजून पाणी वाहून नेतोय. तिकडे गेलात तर फोटो इथे टाका.